सायीवरचा बेडूक

"मी ह्यात बसणार नाही," होलिस म्हणाला. "असल्या डोणीत आमच्याकडे गुरांना पाणी पाजतात."

"मग गुरासारखे मुकाट्यानं चढा," नेल्डा म्हणाली.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि दोन खुर्च्यांची कयाक, म्हणजे वल्ह्याची सपाट होडी, दोन्ही मांड्यांत दाबून धरत होती. सप्टेंबरची सकाळ होती. गंटर्सव्हिलच्या तळ्यावर धुकं इतकं खाली बसलं होतं की समोरचा पूल नुसताच मधोमध लोंबकळत असल्यासारखा दिसत होता. उतारावर ट्रकांची रांग लागली होती. एकेक मोठी बोट ट्रेलरवरून पाण्यात सुटत होती आणि घरघरत निघून जात होती. त्या प्रत्येक आवाजाला होलिसची मान वळत होती.

"हे इंजिन नवं आहे," तो म्हणाला. "आणि मालकाला ते चालवता येत नाही."

"डॅडी, तरंगायचं जाकीट घाला."

"चाळीस वर्षं ह्या पाण्यावर काढली मी. एकदाही असलं लोढणं गळ्यात घातलं नाही."

"तुमच्या बोटीवर नियम काय होता?"

नियम सगळ्या जॅक्सन काउंटीला पाठ होता, कारण तो दर शनिवारी ओरडून सांगायचा. ज्याची बोट, त्याचा शब्द.

"आज ही बोट माझी आहे," नेल्डा म्हणाली. "हात वर करा."

त्याने मान तिरकी केली आणि कोंबडा बघतो तसं डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांपासून त्याला असंच बघावं लागायचं. नजरेच्या बरोबर मधोमध धुराचा गोळा बसला होता. ज्याच्याकडे सरळ बघावं ते माणूस नाहीसं व्हायचं, आणि कडेचं थोडंफार उरायचं. डॉक्टर म्हणाले होते, हे आता असंच राहणार. मग त्याने हात वर केले. नेल्डाने जाकिटाचे पट्टे आवळले. त्याच्या बरगड्या तिच्या बोटांना लागल्या तेव्हा तिला धसका बसला.

एकेकाळी हा माणूस विजेचे खांब चढायचा. आठवडाभर तारा ओढायचा आणि शनिवारी बास मासा धरायचा. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागे अजून त्याचा फोटो आहे. दोन्ही हातांत दोन मासे, दोन्ही मासे बाळाच्या मांडीएवढे जाड, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू तळं त्यानेच खणलंय. बोटीत त्याच्याबरोबर कोण असायचं? तर वेंडेल, त्याचा मुलगा. नेल्डा थोरली, पण तिला कधी नेलं नाही. ती लहानपणी दर शनिवारी पहाटे बूट घालून पायरीवर बसायची. होलिस तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचा, "बाईमाणूस बोटीत असलं की मासा तोंड मिटतो, पोरी." आणि ट्रक निघून जायचा.

पुढे ती मोज्यांच्या गिरणीत लागली. मोज्याचं टोक शिवायचं काम. बोटं अशी चालायची की शेजारच्या बाया बघत राहायच्या. गिरणी बंद पडली तेव्हा ती शाळेची बस चालवायला लागली, आणि त्याच साली तिने एक जुनी कयाक घेतली. कोणाला विचारलं नाही, कोणी शिकवलं नाही. जिथे मोठ्या बोटींचा तळ घासतो त्या उथळ खाड्यांत ती शिरायची. बुडालेल्या कुंपणांच्या मधून, लवलवत्या गवतातून, बदकंसुद्धा उठणार नाहीत इतक्या हळू. वारा आला तर लांब काठी चिखलात रोवून बोट तिला बांधायची. कुठल्या गवताखाली सावली आहे आणि कुठल्या गवताखाली नुसताच गाळ, हे तिला वल्ह्याच्या टोकाला कळायला लागलं. कयाकमधून मासे धरणाऱ्यांच्या क्लबात पुरुषच पुरुष. त्यांच्यात ती पहिल्या वर्षी शेवटून दुसरी आली. गेल्या वर्षी सगळ्या स्पर्धा मिळून पहिली आली. त्याची लाकडी ढाल तिच्या घरी कपडे धुण्याच्या खोलीत, मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगलेली होती. होलिसला गावातून कळलं असणारच. त्याने विषय काढला नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

मग जुलैत एकदा ती त्याच्यासाठी टोमॅटो घेऊन गेली. घरात तो नव्हता. शेवटी गॅरेजमध्ये सापडला. ताडपत्री अर्धी बाजूला सारून तो आपल्या बोटीत चालकाच्या जागी बसला होता, ट्रेलरवर, अंधारात. दोन्ही हात चाकावर. ताटातलं कालचं जेवण तसंच बाकावर पडलेलं.

"डॅडी?"

"इंजिन सुरू होतंय का बघत होतो," तो म्हणाला. किल्ली वेंडेलने कधीच काढून ह्यूस्टनला नेली होती.

त्या दिवशी नेल्डाने ठरवलं, ह्याला पाण्यावर न्यायचं. दुसऱ्याच्या बोटीत प्रवासी म्हणून तो मेला तरी बसणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मित्रांनी विचारून पाहिलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या. वेंडेलला तिने फोन केला तर तो फोनवरच तडकला. "तुझं डोकं फिरलंय का? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आंधळ्या माणसाला प्लॅस्टिकच्या परातीत बसवून तळ्यावर नेतेस? काही झालं तर?"

"घरात बसून काय होतंय ते मी रोज बघतेय," नेल्डा म्हणाली. "तू नाही बघत."

क्लबातल्या टेरेलकडून तिने ही रुंद, दोघांची कयाक मागून आणली. महिनाभर होलिसची मनधरणी केली. शेवटी तो का तयार झाला ते तिला कळलं नाही. एका संध्याकाळी ताकात मक्याची भाकरी कुस्करता कुस्करता तो एवढंच म्हणाला, "शनिवारी किती वाजता?"

आता तो पुढच्या खुर्चीत बसला. बसताना बोट एका अंगाला कलली आणि त्याने आईवरून एक शिवी घातली.

"मधे बसा. नाक आणि बेंबी एका रेषेत," नेल्डा म्हणाली, आणि मागे बसून तिने वल्हं मारलं.

काठ धुक्यात गेला. होलिस एका हाताने कड धरून बसला. तो पाण्याच्या इतक्या जवळ कधी बसला नव्हता. मोठ्या बोटीतून तळं म्हणजे रस्ता असतो. इथे ते कुशीला लागत होतं. हात सोडला की बोटं भिजत होती. त्याने एकदा हात सोडला, भिजवला, आणि पँटला पुसला.

"मोटर कधी लावणार?" त्याने विचारलं.

"मोटर नाहीये."

"मग चाललोय कशावर?"

"माझ्या खांद्यांवर."

"आवाज येत नाही तुझ्या वल्ह्याचा."

ती कौतुकाची गोष्ट होती की तक्रार, ते तिला कळलं नाही. तिने दोन्ही धरलं.

लवकरच त्याच्यातला कप्तान जागा झाला. डावीकडे घे, तिथे जुना रस्ता बुडालाय. उजवीकडे घे, तिथे बुडालेल्या झाडाचा मोठा बुंधा आहे. त्याच्या डोक्यात अख्खं तळं जसंच्या तसं होतं, आणि बहुतेक बरोबरही होतं. नेल्डा 'हो डॅडी' म्हणत होती आणि आपल्याला जायचं तिकडे जात होती. नदीचं मुख्य पात्र ओलांडताना मागून गुरगुर ऐकू आली. एक मोठी बोट पूर्ण वेगात, कयाकला खेटून गेली. त्यातल्याने हातसुद्धा केला नाही.

"लाट येतेय. डाव्या अंगानं. दोन्ही हात कडेला," नेल्डा म्हणाली. तिने वल्ह्याचे दोन टोले असे हाणले की कयाकचं नाक गर्रकन लाटेकडे वळलं. पहिली लाट पुढून चढली आणि होलिसच्या मांडीवर बादलीभर पाणी आलं. दुसरीने दोघांना उचलून आपटलं. तिसरीला ते नुसते डुलले. मग सगळं शांत झालं. होलिसच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"कयाकजवळून असं जातात का कोणी?" तो भडकून म्हणाला.

"रोज जातात."

त्याने पँटवरचं पाणी झटकलं. "मीही जायचो," तो म्हणाला. "तुमच्यासारखे कोणी दिसले की मुद्दाम जायचो. गंमत वाटायची."

नेल्डाने वल्हं मारणं चालू ठेवलं.

खाडीच्या टोकाला गवताची साय धरली होती. पाण्याखालचं गवत वाढत वाढत वर येतं, उन्हाळ्याच्या शेवटी पृष्ठभागावर आडवं होतं आणि त्यावर शेवाळ जमून दुधाच्या सायीसारखा जाड थर बसतो. वर कडक ऊन, आणि खाली गार, काळोखं घर. त्या घरात बास उभा असतो, तोंड वर करून. सायीवरून काही टुणटुणत गेलं की तो खालूनच छत फोडतो. असल्या दाट गवतात मोठ्या बोटींचे पंखे अडकतात. नेल्डाने सायीच्या कडेशी काठी चिखलात रोवली, दोरीचा फास टाकला आणि बोट उभी केली.

"बेडूक," तिने त्याच्या तळव्यावर रबरी बेडूक ठेवला. "दोन्ही गळ पाठीवर चिकटलेत, म्हणून गवतात अडकत नाही. एक तंगडी मी जरा कापलीय."

"का?"

"म्हणजे सरळ जात नाही. लंगडत लंगडत जातो, डावीकडे, उजवीकडे. एका जागी जास्त वेळ टिकतो."

होलिसने अंगठ्याने बेडकाच्या तंगड्या चाचपल्या, मग गाठ चाचपली. गाठीवर त्याचं बोट जरा थांबलं. "गाठ कोणी बांधली?"

"मीच. दुसरं कोण बांधणार?"

त्याने काठी उचलली. डोळ्यांचं काही असो, मनगट गळाची काठी विसरलं नव्हतं. बेडूक सुरेख कमानीत गेला आणि वाळक्या पानासारखा अलगद सायीवर पडला. नेल्डाने मागून दिशा सांगितली. "घड्याळाच्या अकरावर. तिथे भोक आहे. आणा हळूहळू." तो टिचक्या मारल्यासारखा बेडूक हलवत होता. टप, टप, थांब. टप, टप.

भप्प!

साय फुटली. होलिसने जीव खाऊन काठी मागे खेचली आणि बेडूक हवेतून सूं करत नेल्डाच्या कानावरून गेला.

"हुकला! साल्याने सोडला!"

"पुन्हा टाका."

पुन्हा टाकला. पुन्हा भप्प झालं, पुन्हा त्याने खेचला, आणि पुन्हा बेडूक रिकामाच परत आला. ह्या वेळी काठीच्या झटक्याने कयाक डगमगली.

नेल्डा म्हणाली, "डॅडी, आवाजावर ओढू नका. मासा आधी छत फोडतो, मग बेडूक तोंडात घेतो. मधे वेळ जातो. वजन आलं की ओढा."

होलिसची पाठ ताठ झाली. मागूनसुद्धा तिला ते दिसलं.

"तू मला शिकवतेस?"

"मी सांगतेय."

"मी मासे धरत होतो तेव्हा तू दुधाच्या बाटलीवर होतीस! काठाला ने. बस झाला हा पोरखेळ."

नेल्डाच्या तोंडाशी आलं होतं ते बरंच होतं. इतक्या शनिवारांचं होतं. तिने ते गिळलं, हात लांबवून रोवलेल्या काठीचा फास सोडवायला घेतला. दूर कुठेतरी बगळा ओरडला. धुकं विरळ होऊन साय उन्हात चमकायला लागली होती. हे होलिसला दिसत नव्हतं, पण ऊन गालावर लागल्यावर त्याने तोंड तिकडे केलं.

"थांब," तो म्हणाला.

ती थांबली.

"वजन म्हणजे कसं?"

नेल्डाने फास हातातच धरून ठेवला. बापाने तिला ह्या जन्मात पहिल्यांदा काहीतरी शिकण्यासाठी विचारलं होतं.

"बादलीत पाणी भरतं तसं," ती म्हणाली. "आधी काहीच नाही. मग दोरा जड व्हायला लागतो. कोणीतरी पलीकडून हळूच हात धरल्यासारखं. डोळसांना हे जमत नाही, डॅडी. त्यांना पाणी उडालेलं दिसतं आणि ते ओढतात. मीसुद्धा डोळे मिटून घेते."

"मिटून घेतेस?"

"देवाशपथ."

होलिस हसला. घशातल्या घशात, पण हसला. त्याने बेडूक टाकला, आणि तिने बघितलं की त्यानेही डोळे मिटले आहेत.

टप, टप, थांब. ती दोघं श्वास रोखून बसली होती. टप.

भप्प!

होलिस दगडासारखा बसून राहिला. त्याच्या हाताची शीर फुगली, पण हात हलला नाही. नेल्डाने स्वतःच्या मुठी आवळल्या होत्या. मग काठीचं टोक सावकाश, अगदी सावकाश, पाण्याकडे झुकलं.

"आला," तो कुजबुजला, आणि त्याने काठी उचलली.

काठी अर्ध्यातून वाकली. मासा गवतात खोल घुसला आणि तिथेच अडून बसला. होलिस जुन्या सवयीने मागे रेलून त्याला उपसायला लागला. पण मोठी बोट जागेवर राहते, कयाक राहत नाही. नेल्डाने फास सोडून दिला आणि बोट सायीवरून घसरत माशाकडे निघाली.

"अगं, हा मला ओढतोय!"

"ओढू द्या! दोरा ढिला सोडू नका, रीळ फिरवत राहा. आपण त्याच्याकडे जायचं!"

"माझ्या बापजन्मात मला माशाने ओढलं नाही!" तो लहान पोरासारखा ओरडला. गवत बोटीच्या पोटाखाली सळसळत होतं. दोरा उभा झाला तेव्हा नेल्डा म्हणाली, "आता हात घाला. दोऱ्याच्या मागोमाग खाली." होलिसने खांद्यापर्यंत हात सायीत घातला. गवताचे पुंजके उपसून काढले, एक, मग आणखी एक, आणि मग त्याचा चेहरा बदलला. त्याने अंगठा माशाच्या जबड्यात घालून त्याला वर घेतलं. हिरवा गवताचा भारा वर आला, आणि त्या भाऱ्याच्या मधोमध एक काळपट, रुंद, संतापलेली मादी होती.

"केवढा आहे?" होलिस विचारत होता. "नेल्डा, केवढा आहे? सांग ना!"

"तुम्हीच बघा." तिने मोजपट्टी त्याच्या मांडीवर आडवी ठेवली, मासा त्यावर निजवला, तोंड टोकाच्या फळीला टेकवलं. इंचाच्या खुणा पट्टीत कोरलेल्या होत्या. तिने बापाचा अंगठा धरून पहिल्या खाचेवर ठेवला. तो एकेक खाच चाचपत गेला, ओठ हलत होते. शेपटीशी पोचला तेव्हा थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

"साडेबावीस," तो म्हणाला. "बरोबर?"

"बरोबर. आमच्या क्लबात एवढा कोणी धरलेला नाही."

"तूसुद्धा नाही?"

"मीसुद्धा नाही."

त्याला ह्याचा भयंकर आनंद झाला आणि त्याने तो लपवला नाही. तिने फोटो काढला. फोटोत तो कॅमेऱ्याच्या बऱ्याच बाजूला बघतोय, कारण तसं बघितलं तरच त्याला ती दिसत होती. मग त्याने मासा पाण्यात धरला. कल्ले उघडमीट करायला लागेपर्यंत धरून ठेवला, आणि सोडला.

नंतर ओढ्याकाठच्या झाडांच्या सावलीत त्यांनी टोमॅटोचे सँडविच खाल्ले. होलिसने आपलं संपवलं आणि तिचं अर्धं घेतलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "वेंडेलला बोट लागायची. ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"पूल येईपर्यंत ओकायचा. दर शनिवारी. परत आलो की त्याला सांगायचो, आईला बोलू नको." त्याने बोटावरचं मीठ चाटलं. "तू पायरीवर बसलेली असायचीस. बूट घालून."

"लाल बूट."

"लाल," तो म्हणाला. "दिसायचे मला. ट्रकच्या आरशात, वळणापर्यंत दिसायचे." नेल्डाने त्याला गोड चहाची बाटली दिली. त्याने ती घेतली, आणि बाटलीबरोबर तिचा हातही थोडा वेळ धरून ठेवला.

दुपारी ते परत आले तेव्हा उतारावर डॉयल उभा होता. होलिसचा जुना प्रतिस्पर्धी, त्याच्याहून थोडा तरुण, पोटाने बराच मोठा. स्पर्धांमध्ये दोघांनी एकमेकांचं रक्त आटवलं होतं. त्याने लांबूनच हाक मारली. "काय रे होलिस! असे दिवस आले? पोरीने न्हाणीतल्या टबात बसवून फिरवून आणलं?"

नेल्डाने होलिसकडे बघितलं. दोन वर्षं जे टाळण्यासाठी तो घरात बसला होता तेच हे. होलिस सावकाश उठला, एक पाय पाण्यात टाकला, मग दुसरा, आणि सरळ उभा राहिला.

"डॉयल, साडेबावीस इंच," तो म्हणाला. "सायीखालून. तुझी बोट त्या गवतात शिरली असती तर अजून तिथेच असती."

"साडेबावीस? फोटो आहे का, की नेहमीसारखंच?"

"फोटो आहे. पण आधी टोपी काढ."

"टोपी?"

"कप्तान उभी आहे तुझ्यासमोर. ही माझी थोरली, नेल्डा. ह्या तळ्यावर सगळ्यांना हरवून बसलीय आणि तुला पत्ता नाही. आज दोन वेळा मी माझंच चालवलं, दोन्ही वेळा मासा गेला. तिसऱ्यांदा हिचं ऐकलं." त्याचा आवाज आता उतारावरच्या सगळ्या ट्रकांपर्यंत जात होता. "ढाल मिळालीय हिला. मागच्या वर्षीची. घरी जाऊन हात लावून बघणार आहे मी."

डॉयल हसत होता, पण होलिस हसत नाही हे हळूहळू त्याच्या लक्षात आलं. त्याने टोपी काढली. विरळ केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मिस नेल्डा." आणखी दोघंतिघं फोटो बघायला जवळ आले. नेल्डाने फोन त्यांच्या हातात दिला. तिला एकाएकी हात कुठे ठेवावेत ते समजेना, म्हणून ती कयाकमधलं पाणी काढायला लागली.

"चाकांची गाडी आणते," ती होलिसला म्हणाली. "ही जड आहे."

"आणू नको. माझे हात शाबूत आहेत. पुढून तू उचल."

"मी उचलू का एका बाजूनं?" डॉयलने विचारलं.

"तू फोटो बघ," होलिस म्हणाला.

नेल्डाने नाकाकडची मूठ धरली, त्याने शेपटाकडची. दोघांनी एकदम उचललं. उतार ओला होता आणि मधे मधे खडी उखडली होती. ती पुढे चालत होती, एकदाही मागे न बघता. खड्डा आला की ती बाजूला सरकायची, कयाक थोडी वळायची, आणि मागे तो तेवढाच वळायचा. अर्ध्यावर त्याला दम लागला तेव्हा वजन तिच्या हातात उतरलं आणि ती थांबली. ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद करून वाट मोकळी केली होती. मग मुठीला मागून हलकासा धक्का आला, आणि ती पुन्हा चालायला लागली.